झोपेतला वेग

नावडे
५ नोव्हेंबर २०२५

जयप्रकाश काका, सलाम.

तुमचा नियम विसरले नाहीये. नेटवर्कच्या स्विचला हात लावायच्या आधी अडचण लिहून काढायची, वर तारीख टाकायची, फोनवर कमांड सांगायच्या नाहीत. म्हणून हा मेल. रिटायर झालात म्हणून सवय सुटली असेल असं मला वाटत नाही.

आधी घरचं सांगते, कारण त्याच्याशिवाय ऑफिसचं कळणार नाही. सप्टेंबरमध्ये अब्बांना पॅरालिसिसचा झटका आला. पाय बराच सुधारलाय, उजवा हात अजून लुळा आहे, आणि बोलणं गेलंय. म्हणजे समजतं सगळं, पेपर वाचतात, माझ्यावर डोळे वटारतात, पण शब्द बाहेर निघत नाही. तुम्हाला कळवू नको असं त्यांनीच हाताने खुणावलं होतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ज्यांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जायचा त्यांना लाज वाटत असणार. मी आज त्यांची खूण मोडतेय.

पनवेलच्या नूरीन मॅडम रोज सकाळी येतात, त्यांचं बोलणं परत आणायला. डॉक्टर म्हणतात पहिले सहा महिने महत्त्वाचे. अम्मी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दोन अटेंडंट ठेवून बघितले, अब्बांनी दोघांनाही पळवलं. शोएबभाई दोह्याहून म्हणतो, तुला नोकरी सोडता येत नसेल तर अब्बांना म्हसळ्याला त्यांच्या बहिणीकडे, करिमुन्निसा फुफूकडे पाठव. फुफू जीव लावेल, पण म्हसळ्याला नूरीन मॅडम नाहीत. तिथे अब्बा कायमचे गप्प होतील, मला दुसरं काही दिसत नाही.

आता ऑफिस. तुमच्यानंतर नेटवर्क मी एकटीच बघते. केयूरसर, मोठ्या शेठचे चिरंजीव, म्हणाले, 'घरून काम कर, पण गोडाऊनला गाड्या लागायच्या आत सगळे कॉम्प्युटर चालू आणि अपडेट झालेले पाहिजेत. एक डिसेंबरला बघतो. नाही जमलं तर रोज यायचं.' रात्री मशीन चालू ठेवायला मोठे शेठ तयार नाहीत. आजवर मी लवकर जाऊन एकेक बटण दाबत होते. आता ती सगळी नावड्याहून उठवायची आहेत, दुरून.

मशीन उठवायचं सॉफ्टवेअर टाकलं, मशीनमधल्या सेटिंग केल्या. घरून निरोप पाठवते आणि तिकडे काही म्हणजे काही होत नाही. सॉलिड टेन्शन आलंय, काका.

तुमची
शायमा

सीवूड्स
६ नोव्हेंबर २०२५

चि. शायमा,

अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. तुझ्या काकूला वाचून दाखवलं, ती पदर डोळ्याला लावून बसली. सप्टेंबर ते नोव्हेंबर आम्हाला पत्ता नाही! रहमानने नको म्हटलं आणि तू ऐकलंस? तुझा बाप आयुष्यभर चुकीच्या गोष्टींना नको म्हणत आलाय. माझ्या भाकरीबरोबर ठेचा होता तेव्हाही आधी नको म्हणाला होता, आणि मग पंधरा वर्षं माझा ठेचा संपवला.

आता कामाचं.

तू मशीन बंद करतेस तेव्हा ते पूर्ण मरत नाही. भिंतीतला करंट चालू असेल तर मागचं नेटवर्क कार्ड थोड्याशा विजेवर कान देऊन बसलेलं असतं. तुझा निरोप म्हणजे दुसरं काही नाही, त्या कार्डाचा स्वतःचा पत्ता, लागोपाठ सोळा वेळा. एकदा हाक मारून भागत नाही, आपल्याकडेही कोण उठतं एका हाकेत? स्वतःचा पत्ता ऐकला की कार्ड मशीनला लाथ घालतं, ऊठ.

पण ही हाळी फक्त एका आळीत ऐकू जाते. आपल्या नेटवर्कच्या मी आळ्या पाडून ठेवल्यात, आठवतं ना? हिशेबाची वेगळी, डिस्पॅचची वेगळी, बाहेरून येणाऱ्यांची वेगळी. घरून जोडली जातेस तेव्हा तू बाहेरच्यांच्या आळीत उभी असतेस आणि तिथूनच ओरडतेस. मधला मोठा स्विच हाळी पलीकडे जाऊ देत नाही. तो वेडा नाही, त्याला मीच तसं सांगितलंय, नाहीतर कोणीही बाहेरचा येऊन सगळा बाजार उठवील.

तेव्हा मोठ्या स्विचवर परवानगी दे. तुझ्या एका पत्त्यावरून आलेली हाळी बाकीच्या आळ्यांत जाऊ दे, बाकी कोणाची नको. 'बाकी कोणाची नको' ही ओळ आधी लिही, परवानगीची नंतर. उलट केलंस तर मधल्या वेळात दार सताड उघडं. कमांड खाली दिल्यात. आधीची सेटिंग कॉपी करून ठेव. कागदावर नको, फाइलमध्ये. कळंबोलीचे उंदीर कागद खातात.

घरी यायला हवं. येतोच. पण गुडघा धरलाय, आणि नातवाच्या, ईश्वरीच्या धाकट्याच्या परीक्षा आहेत, त्याला सोडायचं-आणायचं माझ्याकडे आहे. रहमानला म्हणावं जेपीने नमस्कार सांगितलाय.

तुझा
काका

नावडे
११ नोव्हेंबर २०२५

काका,

उठलं! पण अर्धंच.

तुम्ही सांगितलं तसं केलं, आधी नकाराची ओळ, मग परवानगीची. वरच्या मजल्यावरची हिशेबाची सगळी मशीन नावड्याहून उठली. मी स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभी होते. एकेक नाव हिरवं व्हायला लागलं आणि मी एवढी ओरडले की अब्बा काठी टेकत बघायला आले. त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी खालच्या मजल्यावर बोट ठेवलं. डिस्पॅच. त्यांचं जुनं खातं. तिथलं एकही मशीन उठलेलं नव्हतं. बघा, आजारी असून चूक कोणती तेच आधी दिसतं.

वरच्या आणि खालच्या मशीनमध्ये काही फरक नाही, एकाच वेळी घेतलेली आहेत. सेटिंग सारख्या. फरक एवढाच की वरचा स्विच गेल्या वर्षी नवा बसवला. खालचे तुमचे जुनेच आहेत. मी वाईट अर्थाने नाही म्हणत.

डिस्पॅचच नसेल तर केयूरसरांना वरच्या मजल्याचा काही उपयोग नाही. गाड्यांच्या पावत्या खालीच निघतात. शोएबभाईने परवा परत विचारलं, ठरलं का. मी म्हटलं एक तारखेनंतर सांगते.

नूरीन मॅडमनी मला एक शिकवलंय. अब्बांना काही विचारलं की गप्प बसायचं. वाक्य आपण पुरं करायचं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही. मला हे भयंकर कठीण जातं, आमच्या घरात कोणी कोणाचं वाक्य पुरं होऊ दिल्याचं मला आठवत नाही. पण काल विचारलं, चहा की कॉफी, आणि तोंड दाबून उभी राहिले. दूध उतू गेलं. मग आलं, 'च…हा.'

तुम्ही कधी येताय? ते दाराकडे बघतात. मी त्यांना सांगून बसलेय तुम्ही येणार म्हणून.

शायमा

सीवूड्स
१३ नोव्हेंबर २०२५

चि. शायमा,

नवा स्विच चालतो आणि माझे चालत नाहीत, हे वाचून झोंबलं. असो.

आधी साधं बघ. खाली संध्याकाळी झाडायला भिमाबाई येते. ती घरच्यासारखी माणूस, घरच्यासारखीच सगळी भिंतीतली बटणं खाली करून जाते. करंटच नसेल तर कार्ड कशावर जागं राहील? तिच्याशी बोल, पण रागावून नको.

ते नसेल तर एक दिवस ऑफिसला जा आणि खालच्या एका मशीनच्या मागे वाकून बघ. मशीन चालू असताना वायरच्या तोंडाशी दिवा लागलेला असतो. मग मशीन बंद कर आणि परत बघ. दिवा राहतो की जातो, रंग कोणता, लुकलुकतो की नाही, सगळं लिही. अंदाजाने लिहायचं नाही, बघून लिहायचं.

आणखी एक. लिहू की नको असं चाललं होतं. परवा दुपारी मी रहमानला फोन केला होता. उचलला. मी बोलत राहिलो, पलीकडून चकार शब्द नाही. मग मीच ठेवला. कळूनही आलो नाही म्हणून रागावलाय, दुसरं काय. त्याचा राग मला माहीत आहे, एकदा धरला की आठवडाभर डबा वेगळ्या टेबलावर. तेव्हा मी लगेच आलो तर त्याला बरं वाटेल असं नाही. जरा निवळू दे.

काका

नावडे
१७ नोव्हेंबर २०२५

काका,

मला आज तुमचा राग आलाय, तो आधी लिहिते.

फोन वाजला तेव्हा मी त्या खोलीत होते. झटक्यानंतर अब्बा कोणाचाच फोन घेत नाहीत, शोएबभाईचाही नाही, मी कानाला लावावा लागतो. तुमचं नाव दिसलं आणि त्यांनी डाव्या हाताने स्वतः उचलला. तुम्ही म्हणालात, हॅलो, रहमान, हॅलो, अरे ऐकू येतंय का, बरं नसेल तर राहू दे, आणि कट. ते फोन कानाला लावून तसेच बसले. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मी काही बोलले नाही, नूरीन मॅडमचा नियम. आणि मग त्यांनी म्हटलं, 'जे…पी.' एकदम स्वच्छ. तुम्ही तोवर केव्हाच गेला होतात.

हा राग नव्हता हो. त्यांना शब्द सापडायला वेळ लागतो, एवढंच. तुम्ही थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

माझ्या घरात एक माणूस रोज एकेक शब्द विहिरीतून ओढून काढतोय, आणि शोएबभाई म्हणतो काही बोलत नाहीत म्हणजे त्यांना म्हसळा चालेल, आणि तुम्ही म्हणता काही बोलत नाही म्हणजे रागावलाय. ज्याला जे सोयीचं ते तो ऐकतो. तुम्हीसुद्धा? नेटवर्कमध्ये उत्तर आलं नाही तर मशीन मेलंय असं लिहू नकोस, फक्त उत्तर आलं नाही असं लिही, हे मला कोणी शिकवलं?

लहान तोंडी मोठा घास झाला. पण लिहिलंय ते खोडत नाही.

आता तुमचं काम. शनिवारी नूरीन मॅडम दुपारपर्यंत थांबल्या म्हणून ऑफिसला जाऊन आले. भिमाबाईंची काही चूक नाही, त्या फक्त पंखे आणि ट्यूब बंद करतात. त्यांनी अब्बांसाठी शेवग्याच्या शेंगा दिल्या. खाली चार मशीनच्या मागे वाकून बघितलं. चालू असताना दिवा लागलेला, लुकलुकणारा. मशीन बंद केलं की दिवा जातो. पूर्ण जातो. करंट आहे, मी बघितलं, तरीही. वरच्या मजल्यावर मशीन बंद केलं की दिवा क्षणभर जातो आणि परत येतो, वेगळ्या रंगाचा. बघून लिहिलंय, अंदाजाने नाही.

शायमा

नावडे
२३ नोव्हेंबर २०२५

काका,

उत्तर नाही. एक तारखेला आता आठवडा राहिला. मी जास्त बोलले असेन तर माझ्यावर रागवा, पण खालच्या मजल्याचं काय ते सांगा.

शायमा

सीवूड्स
२४ नोव्हेंबर २०२५

चि. शायमा,

तुझ्यावर रागावलो नाही. तू लिहिलंस ते खरं होतं आणि खऱ्याला उत्तर काय लिहायचं ते सुचत नव्हतं. काकूने आज सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवला नाही, म्हणाली, आधी पोरीला उत्तर, मग चहा.

दिव्याचं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. आठवडा उगाच घालवला, ते माझं चुकलं.

ऐक. मशीन चालू असताना कार्ड पूर्ण वेगाने बोलतं. मशीन झोपलं की वीज वाचवायला कार्ड आपला वेग पार खाली आणतं, बैलगाडीइतका. हाक ऐकायला तेवढा पुरतो. पण त्यासाठी समोरच्या स्विचच्या पोर्टने, म्हणजे वायर बसते त्या खाचेनेही, तेवढं हळू व्हायला तयार असावं लागतं. वरच्या नव्या स्विचला कोणी काही सांगितलेलं नाही, त्यामुळे तो समोरच्याचा वेग बघून आपला वेग ठरवतो. म्हणून दिवा जातो आणि रंग बदलून परत येतो. खालच्या माझ्या स्विचला मी सांगून ठेवलंय, पूर्ण वेग, नाहीतर काही नाही. मशीन हळू बोलायला लागलं की त्या पोर्टच्या लेखी पलीकडे कोणी नाहीच. दिवा गेला. मग तू घरून सोळा नाही, सोळाशे वेळा हाक मार.

तसं का केलं तेही सांगतो. खाली गोडाऊनला लागून लोखंडाचा कीस उडतो, तो वायरींच्या तोंडात बसतो. मग एखादं मशीन गुपचूप दहापट हळू चालायचं आणि कोणाला कळायचं नाही. ज्याला कळायचं तो तुझा बाप. ट्रकवाले दाराशी हॉर्न मारतायत, पावती निघत नाही, आणि हा माझ्या केबिनच्या दारात उभा राहून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडतोय, 'जेपी, चालायचं तर धावायला सांग त्याला, नाहीतर बंद पडू दे! रखडत चालणारं मला नको!' मी म्हटलं बरोबर आहे. बंद पडलं तर निदान वायर बदलता येईल. दुसऱ्या दिवशी खालचे सगळे पोर्ट पूर्ण वेगावर बांधून टाकले. त्याने मला त्या दिवशी फालुदा पाजला होता.

आता ते सगळे सोड. वेग ठरवायचं काम पोर्टवर सोपव, कमांड खाली आहे. एका वेळी एकच पोर्ट, दिवा परत येतो का ते कोणाकडून तरी बघून घे, मग पुढचा. आणि रोज सकाळी कोण हळू चालतंय ते तुला स्वतः बघावं लागेल, ते आता स्विच ओरडून सांगणार नाही.

यातून उगाच काही तत्त्वज्ञान काढू नकोस. काढायचं ते मी सात रात्री काढून बसलोय.

गुडघा बरा आहे. परीक्षा संपल्या. खरं असं आहे की मला भीती वाटते. आमची मैत्री म्हणजे काय, तर तो बोलायचा आणि मी जेवायचो. मला बोलता येत नाही गं, मला कमांड लिहिता येतात. रहमान गप्प आणि मी गप्प, अशा खोलीत मी काय करू? फोनवर ती शांतता कानाला लागली. म्हणून ठेवला. तो रागावलाय हे मी नंतर ठरवलं, ठेवल्याचं कारण म्हणून.

काका

नावडे
१ डिसेंबर २०२५

काका,

आधी बातमी. सगळी उठली. खालची, वरची, गेटवरचं वजनकाट्याचं सुद्धा. गोडाऊनमधला अंकुश मशीनच्या मागे वाकून दिवे बघत होता आणि फोनवर ओरडत होता, 'आला म्याडम, आला, पिवळा आला!' मी शुक्रवारी एकेक पोर्ट सोडला, आज पहाटे हाक मारली. गाड्या लागल्या तेव्हा पावत्या निघत होत्या. केयूरसरांचा मेसेज आला, 'गुड. घरून चालू ठेव. फक्त गुरुवारी ऑफिसला ये.' मी मेसेज अब्बांना वाचून दाखवला.

तुमचं पत्रही दाखवलं, फालुद्याचं. 'रखडत चालणारं मला नको' हे वाचलं तेव्हा मला वाटलं नको होतं वाचायला. पण अब्बा हसले. मोठ्याने. हसायला शब्द लागत नाहीत. मग डोळे पुसले.

इथपर्यंत छान होतं. संध्याकाळी शोएबभाईचा व्हिडिओ कॉल आला. त्याने फुफूशी परस्पर ठरवून टाकलंय. ती गुरुवारी गाडी घेऊन येतेय, अब्बांना न्यायला. मी म्हटलं, अरे माझं जमलंय आता. तर म्हणाला, आज जमलंय, उद्या तुझी नोकरी सुटली तर? आणि अब्बांना मी विचारलं, त्यांची काही हरकत नाही. विचारलं म्हणजे कसं, तर कॉलवर म्हणाला, 'अब्बा, फुफूकडे जाल ना? बरं वाटेल तिकडे. हो ना? चला मग.' मी मध्ये पडेपर्यंत कॉल संपला. अब्बांचं तोंड अर्धं उघडं होतं.

शोएबभाई वाईट नाही. लांब आहे, घाबरलाय, त्याला काहीतरी करायचंय. फुफूही वाईट नाही. पण ती बोलायला लागली की समोरच्याचं उत्तरही तीच देते.

आणि गुरुवारीच मला ऑफिसला जावं लागणार. पहिल्याच गुरुवारी नाही म्हटलं तर केयूरसर सगळंच मागे घेतील. मी फुफूला दुपारनंतर ये म्हणून सांगेन, पण ती ऐकेल असं नाही. मी नसताना ती आली, अब्बांना विचारलं आणि ते वेळेत काही बोलू शकले नाहीत, तर ते गाडीत बसतील. भांडायला शब्द नाहीत त्यांच्याकडे.

मला तुम्हाला भीड घालायची नाही. पण गुरुवारी अब्बांजवळ बसायला मला दुसरं कोणी नाही. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. नुसतं बसा.

शायमा

नावडे
४ डिसेंबर २०२५

चि. शायमा,

तू ऑफिसात आहेस, फोन केला तर तू काम टाकून धावत येशील, म्हणून लिहितोय. तुझ्याच टेबलावरून, तुझ्याच लॅपटॉपवरून. घाबरू नकोस, पुढे वाच.

सकाळी तू दार उघडलंस आणि लगेच निघालीस, ते बरं केलंस. मी त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसलो. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मला वाटलं काहीतरी बोलावं, हवापाणी, सीवूड्सचं पार्किंग. नाही बोललो. नूरीनबाई आल्या, त्यांचं काम करून गेल्या. आम्ही परत तसेच. बाहेर कोणाच्या तरी घरी ड्रिल चालू होतं. बऱ्याच वेळाने त्याने तोंड उघडलं. ओठ जुळवले, परत जुळवले. मी खुर्चीची कड धरून बसलो होतो. आणि एवढा वेळ घेऊन तो म्हणाला काय? 'लेट.' ट्रकवाल्यांना म्हणायचा तसंच. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी म्हटलं, 'हो रे, झाला उशीर.'

जेवणाआधीच तुझी फुफू आली. हातात पिशव्या, सुका बोंबील, तांदळाच्या भाकरी, आणि दाराशी गाडी. बाई मायाळू आहे. आल्या आल्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, 'किती वाळलास रे.' मग सुरू झाल्या. 'चल भावा, तिकडे समुद्राची हवा, मी आहे, सून आहे, येतोस ना? येणारच, न येऊन काय करतोस, पोरीच्या गळ्यात किती दिवस राहशील? कपडे कुठे आहेत याचे?' मी बघत होतो. 'येतोस ना' म्हटल्यावर रहमानच्या गळ्याशी काहीतरी हललं होतं. पण बाई कपाटापर्यंत पोचल्या होत्या.

शायमा, मी आयुष्यात कोणाच्या घरच्या गोष्टीत बोललेलो नाही. पण उठलो. कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, 'ताई, तुम्ही त्याला विचारलंत. आता तो सांगेपर्यंत थांबा.' त्या म्हणाल्या, 'तुम्ही कोण? तो बिचारा काय सांगणार?' म्हटलं, 'ते मला माहीत नाही. त्यालाच माहीत आहे. तुम्ही बसा आणि त्याच्याकडे बघा. मध्ये शब्द घालू नका.'

माझा आवाज चढला असावा, त्या बसल्या. एकदा त्यांनी तोंड उघडलं, मी हात वर केला. खाली त्यांच्या ड्रायव्हरने हॉर्न मारला. मी खिडकीतून त्यालाही हात केला. रहमानच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता सोडून देईल हा, थकला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, त्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही.

मग तो बोलला. बहिणीकडे बघून. 'मला… इचार.'

बाईंचा चेहरा उतरला. अगदी हळू म्हणाल्या, 'विचारते रे. येतोस का माझ्याबरोबर?' आणि या वेळी त्या खरंच थांबल्या.

'नाय,' तो म्हणाला. मग परत बराच वेळ. 'मी… इथं. बोलेन.'

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, आवाज ऐकला नव्हता हो याचा, मला वाटलं गेलाच आवाज. मग स्वतःच तुझ्या भावाला फोन लावला आणि म्हणाल्या, 'शोएब, तो नको म्हणतोय. नाही, त्याने स्वतः सांगितलं, मी ऐकलं. आता तू मला मध्ये बोलू नकोस.'

गाडी परत पाठवली आहे. त्या चार दिवस राहतायत, आता आत बोंबील भाजतायत आणि रहमान बसल्या जागेवरून मीठ कमी म्हणून हाताने खुणावतोय. मी पुढच्या गुरुवारी येतो. त्याने मला तसं सांगितलंय, ते सांगायला त्याला अर्धा तास लागला, आणि मला कुठे जायचं नव्हतं.

फुफूने दोनदा चहा केला, घरातलं दूध संपलंय. येताना दोन पिशव्या आण.

तुझा
काका